शोभाकाकू आणि नरम स्कीची जोडी

आमच्या कारंजा गावात बर्फ दोनच प्रकारचा. एक रसवंतीवाला गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि दांडक्यानं फोडतो तो. दुसरा आभाळातून पडतो, उभा हरभरा झोपवतो आणि वावरात त्याचं नावही कोणी मोठ्यानं घेत नाही. त्यामुळे शोभाकाकू काश्मीरला बर्फावर घसरायला, आणि या वेळी तर उडी मारायला चालली आहे, हे ऐकून शेजारच्या बाईंनी "गारांवर?" असं विचारलं, त्यात त्यांची काही चूक नव्हती.

शोभाकाकू म्हणजे माझ्या धाकट्या काकांची बायको. चाळिशी कधीच मागे टाकलेली. धनजच्या रस्त्याला तिचा भाजीचा मळा आहे, सांभार म्हणजे कोथिंबीर, मेथी, वांगी, फुलकोबी. काही वर्षांपूर्वी ती बचत गटाच्या बायकांबरोबर गुलमर्गला गेली होती. बाकीच्यांनी भाड्याचे फिरन, ते ढगळ काश्मिरी झगे, घालून फोटो काढले, हिनं भाड्याच्या स्की पायात घातल्या. तेव्हापासून दर हिवाळ्यात आठवडाभर मळा काकांवर सोपवून ती जाते. सरळ घसरणं, वळणं, थांबणं, सगळं शिकली. मग तिला मोबाइलवर स्कीचा तो दुसरा प्रकार दिसला, ज्यात माणसं लोखंडी पेट्यांवरून आडवी घसरतात, उलटी चालतात, उंचवट्यावरून हवेत उडतात. त्या जागेला पार्क म्हणतात.

ते व्हिडिओ सगळे इंग्रजीत. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, घरूनच नोकरी करणारी आणि चार माणसांत तोंड न उघडणारी. काकू संध्याकाळी मळ्यातून आली की मोबाइल माझ्यापुढे धरायची.

"तनू, हा गोरा काय बोलून राह्यला, सांग."

मी सांगायची. गुडघे सैल ठेव, नजर पुढे ठेव, पेटीवर स्कीची कड लावू नको. काकू अंगणात तूर वाळवायच्या ताडपत्रीवर ते करून पाहायची.

परवानगी मात्र बाबांची लागायची. आमच्या घरात थोरला दीर आणि धाकटी भावजय एकमेकांशी थेट बोलत नाहीत. भांडण नाही, रीत आहे. मध्ये कोणीतरी लागतं, आणि मी लहानपणापासून ते कोणीतरी आहे. दोघंही ओसरीवर हातभर अंतरावर बसलेले असतात आणि मी या कानाचं त्या कानाला सांगत असते.

"शोभाले सांग, जा," बाबा म्हणाले. "पण या डावी तू सोबत जाजो. एक खेप जोरात पडली का सामान बांधून वापस. मंग पुढच्या वर्षी नाव काढाचं नाई. आन थे लाकडं इकत आणू नोको म्हणा."

काकू मटार सोलत होती. "दादाले सांग, लाकडं नाईत थे. आन भाड्याच्या बैलावर शंकरपटाच्या शर्यतीत कोणी उतरते का? उडी माराची तर जोडी आपली पाह्यजे."

बाबांनी ऐकलं, मी पुन्हा सांगितलं, बाबांनी पुन्हा ऐकलं. "नाई म्हणा," ते म्हणाले.

अशा रीतीनं मी पहारेकरी म्हणून काश्मीरला निघाले.

टंगमर्ग

गुलमर्गच्या पायथ्याशी टंगमर्ग आहे. तिथं नुसरतच्या घरी आम्ही उतरलो. नुसरत माझ्याच वयाची, स्की शिकवते. पहिल्यांदा भेटली तेव्हा तिनं काकूला मिठी मारली, माझ्या हातातली बॅग काढून घेतली, टॅक्सीवाल्याला रागावली आणि आत चहा टाकायला सांगितला, हे सगळं मी "हॅलो" म्हणायच्या आत. मला अशा मुलींची भीती वाटते आणि त्यांच्याकडे बघतही राहावंसं वाटतं.

त्यांचा चहा गुलाबी आणि खारट. मी पहिला घोट घेऊन पेला हळूच खाली ठेवला. काकूनं दोन पेले घेतले आणि म्हणाली, "ताकासारखं समजून पेजो, मंग जाते." तसं समजल्यावर खरंच गेला. सोबत तंदुरातली गरम रोटी होती. काकूनं पिशवीतून जवसाची चटणी आणि घरच्या तुपाचा डबा काढला. नुसरतच्या अम्मींनी चटणी चाखली, डोळे मिटले आणि डब्याकडे पुन्हा हात नेला. त्यानंतर आमच्यातला परकेपणा संपला.

रात्रीच्या जेवणात हाक होतं. हाक म्हणजे एक हिरवी पालेभाजी, भरपूर पाण्यात शिजवलेली. काकूनं एक पान ताटाच्या कडेवर पसरून त्याच्या शिरा पाहिल्या. "ये गोबी के खानदान का है?" अम्मी म्हणाल्या, "होगा." दोघी परसात गेल्या आणि बर्फ बाजूला करून खालची रोपं पाहून आल्या. येताना काकूच्या रुमालात बियांची पुरचुंडी होती.

अम्मींचा भाऊ दर थंडीत शाली विकायला महाराष्ट्रात जातो.

"आमच्याकडे येतात ना शालवाले," काकू मला म्हणाली. "सांग त्यायले, मी लय भाव पाडून घेतो म्हणा. दारात उभं करून अर्ध्यावर आणतो."

हे मला सांगायचं नव्हतं. पण माझ्या चेहऱ्यावरूनच अम्मींना काय ते कळलं असावं. त्या हसत म्हणाल्या, "वो भी दुगना बताता है, बहन."

मला मानोऱ्याकडचे तांडे आठवले. दिवाळीनंतर तिथल्या घरांना कुलपं लागतात, माणसं ऊसतोडीला गेलेली असतात. इथं बर्फ पडला की पुरुष खाली उतरतात. फक्त इथं मागे राहिलेल्या घरांच्या धुराड्यांतून धूर निघत असतो.

गनीचाचांचं दुकान

सकाळी आम्ही स्की निवडायला गेलो. गनीचाचांचं दुकान म्हणजे एक लांबट लाकडी खोली. भिंतीला स्की उभ्या आणि मधोमध एक टेबल, ज्यावर ते स्की उलट्या ठेवून इस्त्रीनं तळाला मेण लावतात. मेण वितळल्याचा वास सगळीकडे होता. चाचा दुरुस्ती करतात, भाड्यानं देतात आणि बाहेरदेशचे लोक जाताना सोडून गेलेल्या चांगल्या स्की विकतातही.

काकू भिंतीजवळून हळूहळू चालत गेली. आमच्याकडे बैलबाजारात जशी माणसं चालतात तशी, हात मागे बांधून, काही घ्यायचंच नाही असा चेहरा करून. मग एकदम थांबली.

"ही जोडी."

ती जोडी गुलाबी होती. तिच्यावर एक अस्वल डोक्यावर उभं राहिलेलं काढलं होतं. दोन्ही टोकं वर वळलेली, कारण पार्कात उलटंही चालायचं असतं. काकूनं एक स्की जमिनीवर टेकवून मध्ये तळहातानं दाबली. स्की वाकली आणि परत उसळली. काकूनं पुन्हा दाबली. पुन्हा उसळली.

"अवं, ही तं खोडकर हाय," काकू म्हणाली. तिचा चेहरा असा फुलला होता की मी फोटो काढायचं विसरले.

चाचांनी मान हलवली. त्यांनी दुसरी जोडी पुढे केली. काळी, लांब, टणक, एकच टोक वळलेली. "इस उमर में ये लीजिए, बहनजी. सीधी चलेगी. भरोसे की चीज़ है."

काकूनं तीही दाबून पाहिली. ती वाकलीच नाही.

"हे सरकारी नोकरीवाला जावई हाय," काकू मला म्हणाली. "चांगला हाय, पण याच्यासंग हसाचं कधी?"

नुसरतनं विचारलं, आंटी काय म्हणाल्या. माझ्यावर सांगायची पाळी आली. मी सांगितलं आणि चाचा आणि नुसरत दोघंही एवढ्या जोरात हसले की मला स्वतःचंच आश्चर्य वाटलं. मी सांगितलेल्या गोष्टीवर लोक असे कधी हसत नाहीत.

नुसरतचं मत पडलं की पार्कासाठी नरमच हवी. नरम स्की चूक पोटात घेते, पेटीवर पाय थोडा वाकडा पडला तरी लगेच पाडत नाही, आणि उडीच्या टोकाला थोडा जोर दिला की स्वतः उसळी देते. पण वेगात ती थरथरते, हेही तिनं लपवलं नाही. शेवटी ठरलं की काकूनं गुलाबी जोडी काही दिवस वापरून पाहायची, मग घ्यायची की नाही ते सांगायचं. बाबांच्या "नाई म्हणा"चा विषय आम्ही दोघींनीही काढला नाही.

पार्क

पार्क म्हणजे सोप्या उताराच्या कडेला दोऱ्या बांधून वेगळा केलेला पट्टा. वर एक रुंद पेटी, बर्फात पुरलेली, तिच्या पाठीवर गुळगुळीत प्लॅस्टिक. खाली एक पाइप, आणि सगळ्यात शेवटी उडीचा उंचवटा. उंचवट्याच्या पलीकडे उतार पुन्हा खाली जातो. उतरायचं त्या उतारावर, सपाटीवर नाही, म्हणजे दणका बसत नाही.

तिथं कॉलेजच्या वयाची मुलं-मुली होती, ढगळ पँटी, कानात गाणी. काकू हेल्मेटखाली रुमाल बांधून, जॅकेटवर काकांचं विणलेलं मफलर गुंडाळून रांगेत उभी राहिली.

"आंटी, ये बच्चों की जगह है," एक जण म्हणाला. वाईट हेतूनं नाही.

"तो मैं क्या किसी की बच्ची नहीं?" काकू म्हणाली.

पार्कात एक नियम आहे. सुटण्याआधी हात वर करून ओरडायचं, म्हणजे दुसरा कोणी मध्ये येत नाही. सगळे इंग्रजीतला एक शब्द ओरडतात. काकूनं तो दोन वेळा म्हणून पाहिला, तिच्या तोंडात तो बसला नाही. मग तिनं हात वर केला आणि मळ्याच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारावी तशी ओरडली, "सराऽऽ बाजूले! येऊन राह्यलीऽऽ!"

सगळा पार्क वळून पाहायला लागला. मी टोपी डोळ्यांवर ओढली.

पहिल्यांदा ती पेटीच्या कडेवरून बर्फात बसली. दुसऱ्यांदा पेटीवर चढली आणि मधूनच उतरली. नुसरत एकच सांगत होती, पायाकडे पाहू नका, पेटीच्या शेवटाकडे पाहा. आणि मग एकदा ती चढली, दोन्ही पाय सपाट, हात पुढे, आणि पेटीच्या त्या टोकापर्यंत सरकत गेली आणि उतरली. गुलाबी जोडी बर्फावर टेकताना एवढासा उसळली, तशी तीही उसळली. त्या मुलामुलींनी हातातल्या स्कीच्या काठ्या एकमेकींवर आपटून कडकडाट केला. इथं टाळ्या अशाच वाजवतात.

दुपारपर्यंत त्यातली निम्मी मुलं "सराऽऽ बाजूले" ओरडत सुटत होती.

पाइपला तिनं हात नाही लावला. उडीच्या उंचवट्याजवळ जाऊन मात्र ती उभी राहिली आणि खाली बघत राहिली. "पाटाच्या पाण्यावरून डोक्यावर टोपलं घेऊन उडी मारतोच ना आपण," ती म्हणाली. "तसंच हाय. फक्त पाट रुंद हाय." नुसरत म्हणाली, उद्या पेटी दहा वेळा नीट झाली की परवा उडी. संध्याकाळी बाबांना मी सांगितलं, सगळं ठीक, पडली पण हलकी. ते खरंच होतं.

जड दिवस

दुसऱ्या दिवशी सगळं बिघडलं.

काकू पहिल्या उतारावर सुटली आणि मध्येच थांबली. जणू कोणी मागून पदर धरला होता. तिनं काठ्यांनी ढकललं, थोडी सरकली, पुन्हा थांबली. बाकीचे तिच्या बाजूनं सुर्रकन जात होते. तिला वाटलं आपणच नीट उभं राहत नाही. तिनं गुडघे वाकवले, सरळ केले, पुढे झुकली, मागे झुकली. नुसरतनं विचारलं, थकवा आला का, गुडघा दुखतो का. बर्फ आज ओला आहे का म्हणून तिनं हातात घेऊनही पाहिला. कोरडा होता.

पेटीवर काकू कशीबशी चढली. प्लॅस्टिकवर मधोमध स्की खचकन अडकली. पाय मागे राहिले आणि काकू पुढे गेली. ती पेटीच्या कडेवर कमरेनं आपटली आणि खाली बर्फात पडली.

मी धावले. बर्फात धावणं म्हणजे कसं, ते ज्यांनी नांगरलेल्या ओल्या वावरात धावून पाहिलंय त्यांना कळेल. मी पोचेपर्यंत नुसरत तिथं होती. काकू उताणी पडून आभाळाकडे बघत होती. काही मोडलं नव्हतं. नुसरतनं हात, पाय, मान, सगळं तपासलं. पण ते पडणं हलकं नव्हतं, हे आम्हा तिघींनाही दिसत होतं.

परत येताना काकू टॅक्सीत एक शब्द बोलली नाही. ही बाई मेथी खुडतानाही कोणाशी ना कोणाशी बोलत असते. टंगमर्ग आल्यावर ती म्हणाली,

"तनू, तुझ्या बाबाले सांगजो. संपलं म्हणा."

"काय संपलं?"

"काल नव्या नवरीवानी होती मी, म्हून जमलं. आज अंगानं सांगतलं. या वयात कोणी उड्या मारते का वं? आपण लोकायले हसाले कारण देऊन राह्यलो." मग थोड्या वेळानं, "जोडी वापस करून टाकजो. थे अस्वलबी मले हसून राह्यलं होतं."

मी दोन्ही स्की उचलल्या आणि तिच्या मागून घरात गेले. 

बुखारीजवळ

बुखारी म्हणजे खोलीच्या मधोमध ठेवलेली पत्र्याची शेगडी. तिच्या भोवती सगळं घर बसतं. काकू कमरेला गरम पाण्याची पिशवी लावून गोधडीत शिरली. मी काकूची स्की भिंतीला टेकवून ठेवली आणि बाबांचा फोन यायची वाट पाहत बसले. काय सांगायचं ते मनात जुळवत होते.

घरातली मांजर आली. आधी माझ्याकडे पाहिलं, मग स्कीकडे. मग ती स्कीच्या तळाला चाटायला लागली.

मी हुसकली. ती परत आली. पुन्हा हुसकली, तर गुरगुरली आणि आणखी भराभर चाटायला लागली. उष्णतेनं स्कीच्या तळावरून काहीतरी ओघळत होतं. पिवळं. मी बोट लावलं, वास घेतला.

घरचं तूप होतं. आणि हळद.

"काकू," मी म्हणाले, "ह्या स्कीला तू काय लावलंस?"

गोधडी थोडी हलली. "खांदशेकणी केली."

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांच्या खांद्याला तूप-हळद चोळतात. वर्षभर जू जिथं टेकतं ती जागा असते ती. त्याला खांदशेकणी म्हणतात. काकूनं पहाटे सगळे झोपेत असताना नव्या जोडीची खांदशेकणी केली होती.

"पण खालून? तळाला?"

"मंग ओझं कुठं येते, तळालेच ना?" काकू गोधडीतून बाहेर आली. "आन थे चाचा नाई का तळाले मेण चोळत? म्या म्हटलं, मेणापेक्षा आपलं तूप चांगलं. भरपूर लावलं, कंजुषी नाई केली."

मी नुसरतला हाक मारली. नुसरतनं तळ पाहिला, मांजरीकडे पाहिलं, काकूकडे पाहिलं आणि भिंतीला धरून खालीच बसली. हसू आवरल्यावर तिनं सांगितलं. एवढ्या थंडीत तूप गोठतं, गोठलेल्या तुपावर बर्फ चिकटतो. मग स्की घसरेल कशी? काकूच्या जागी ती स्वतः असती तरी पडलीच असती.

काकू ऐकत राहिली. मला हसायचं होतं, पण मी तिचा चेहरा बघत होते. तो हळूहळू उजळत होता.

"म्हंजे मी नोती?" ती म्हणाली. "तूप होतं?"

तेवढ्यात बाबांचा फोन आला. मी स्पीकर लावला. आधी सांगून टाकलं, "बाबा, काकू आज जोरात पडली."

पलीकडून बाबा म्हणाले, "तिले विचार, लागलं का?"

"दादाले सांग, कंबर ठणकून राह्यली, बाकी काई नाई," काकू म्हणाली.

"मंग ठरल्यापरमाणं..." बाबा सुरू झाले.

एरवी मी इथं गप्प बसते. माझं काम सांगितलेलं पोचवायचं. पण त्या वेळी माझ्या तोंडून आपोआप निघालं, "बाबा, थांबा, पूर्ण ऐका." आणि मी तूप, हळद, पहाट, मांजर, सगळं सांगितलं. मध्ये नुसरतनं मांजर उचलून फोनसमोर धरली, पुरावा म्हणून.

 मग बाबा खोकल्यासारखे हसले. त्यांचं हसू नेहमी खोकल्यासारखंच येतं.

"शोभाले सांग," ते म्हणाले, "खांद्याले लावतात. खुराले नाई."

काकूनं पदर तोंडावर धरला.

"आन उद्याचं?" मी विचारलं. हा प्रश्न कोणाचा निरोप नव्हता. माझाच होता.

बाबांनी विचार केला. "तुपाचं पडणं धरत नाई," ते म्हणाले. "पण उडी मारताना तू तिथं उभी राहजो."

उडी

सकाळी चाचांनी स्की टेबलावर उलटी टाकली. गरम मेण ओतलं, ते निवायच्या आत खरवडलं. पिवळ्या साली निघाल्या. पुन्हा ओतलं, पुन्हा खरवडलं. शेवटी साली पांढऱ्या निघाल्या. चाचा सगळा वेळ गंभीर होते. स्की परत देताना मात्र म्हणाले, "बहनजी, अगली बार थोड़ा पराठा भी साथ लाइए." काळी जोडी त्यांनी पुन्हा पुढे केली नाही.

काकू पेटीवर चढली. गेली. उतरली. पुन्हा चढली. कमरेमुळे ती थोडी वाकडी उभी राहत होती, पण गुलाबी जोडीनं तेवढं चालवून घेतलं. दुपार होत आली तेव्हा नुसरतनं मान डोलावली आणि आम्ही खाली उंचवट्याकडे गेलो.

नुसरतनं उतारावर देवदाराची फांदी रोवली. तिथून सुटायचं, मध्ये वळायचं नाही, वेग कमी करायचा नाही. टोकाला आल्यावर गुडघ्यांतून हलकासा जोर, हात पुढे, नजर उतारावर. काकू मान हलवत ऐकत होती. गेल्या उन्हाळ्यात अंगणातल्या ताडपत्रीवर मी हेच तिला मराठीत सांगितलं होतं, ते आता खरं होत होतं.

मग नुसरत माझ्याकडे वळली. वरून पलीकडचा उतार दिसत नाही. कोणी तिथं पडलेलं असलं तर सुटणाऱ्याला कळत नाही. म्हणून उंचवट्याच्या कडेला एक माणूस उभा राहतो, खाली मोकळं आहे का पाहतो आणि वर ओरडून सांगतो. नुसरतला स्वतः खाली थांबायचं होतं, काही झालं तर.

"तुम आवाज़ दोगी," ती म्हणाली.

"मी?"

"और कौन?"

मी उंचवट्याच्या कडेला जाऊन उभी राहिले. एका बाजूला खाली नुसरत, दुसऱ्या बाजूला वर देवदाराच्या फांदीजवळ काकू, एवढीशी, गुलाबी. पलीकडे सगळे डोंगर उन्हात पांढरे झालेले, आणि आभाळ असं निळं की आमच्याकडे पावसाळ्यानंतरही कधी दिसत नाही. पार्कातली सगळी मुलं थांबली होती. काठ्या हातात, तयार.

खालचा उतार मोकळा होता. मी हात वर केला आणि म्हणाले, "ओके, काकू."

काकू हलली नाही.

"काकू, ये!"

वारा होता. माझा आवाज माझ्याच मफलरपर्यंत गेला असेल. काकूनं हाताचा पंजा कानामागे धरला. ती नजर माझ्यावरून काढत नव्हती. मला कळलं, मी ओरडल्याशिवाय ती सुटणार नाही. दिवसभर उभी राहील, पण सुटणार नाही. बाबांनी सांगितलं म्हणून नव्हे. तिला खाली काय आहे ते दिसत नव्हतं आणि मला दिसत होतं.

खालून एक माणूस स्की खांद्यावर घेऊन उतारावर आडवा चालत आला. मी त्याच्याकडे पाहिलं, तो पुढे निघून जाईपर्यंत थांबले. मग पुन्हा पाहिलं. मोकळं.

मी मफलर खाली ओढलं, दोन्ही हात तोंडाजवळ धरले. घरात मी ज्या भाषेत बोलत नाही, फक्त ऐकते, त्या भाषेत माझ्या पोटातून आवाज आला.

"मोकळं हायऽऽ! येऽऽ काकूऽऽ, येऽऽ!"

देवदाराची फांदी हलली. काकू सुटली. ती काही ओरडली, मला ऐकू आलं नाही. ती मोठी होत होती, गुडघे वाकलेले, हात पुढे, मफलर मागे फडफडणारं. माझ्या समोरून गेली तेव्हा मला तिच्या स्कीचा आवाज आला, तलम कापड फाडल्यासारखा. टोकाला गुलाबी जोडी वाकली. उसळली.

आणि काकू हवेत होती.

किती वेळ ते विचारू नका. उंची बांधाएवढी असेल, त्याहून जास्त नाही. पण तिच्या पायाखाली काही नव्हतं. अस्वल आभाळात डोक्यावर उभं होतं. मग पलीकडच्या उतारावर दोन्ही स्की एकदम टेकल्या, काकू थोडी मागे गेली, हात गरागरा फिरवले, पडते असं वाटलं आणि पडली नाही. उभी राहिली. उभीच्या उभी खाली गेली, नुसरतच्या पुढून, दोरीच्या खालून, आणि कडेच्या भुसभुशीत बर्फात कमरेपर्यंत शिरून थांबली.

काठ्यांचा कडकडाट झाला. मी उड्या मारत होते, हे मला नंतर कळलं, कारण मोजे भिजले होते.

मी खाली पोचले तेव्हा नुसरत तिला बर्फातून ओढून काढत होती. काकूच्या भुवयांवर बर्फ होता. मला वाटलं ती रडेल, किंवा मला जवळ घेईल. तिनं यातलं काहीच केलं नाही. तिनं स्की काढल्या, झटकल्या, खांद्यावर टाकल्या.

"चाचाले सांगजो, जोडी आपली हाय," ती म्हणाली. "दादाशी मी स्वतःच बोलीन."

मग तिनं वर पाहिलं, देवदाराच्या फांदीकडे, आणि चढायला लागली. चार पावलं गेल्यावर मागे वळली.

"अवं, इथं काहून उभी राह्यली? तिकडं जा ना, आवाज दे."

मी पळत माझ्या जागेवर गेले.